दहा फुटांवर पाणी

९ फेब्रुवारी

चिमे,

अक्षर ओळखलं असशील. मास्तर म्हणायचे, याच्या वहीवरून कोंबडी चालत गेली आहे. कोंबडी आता म्हातारी झाली, चाल तीच राहिली. पाकिटावर मुद्दामच नाव घातलं नाही. घातलं असतं तर तू ते न फोडता परत पाठवलं असतंस.

सव्वीस वर्षांनी लिहितोय, तर काहीतरी कारण हवं. कारण आहे. कालव्याला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात आणि कालवा मंडळ एक पुस्तिका काढतंय, खोऱ्यातल्या फळबागांचा आणि पाटपाण्याचा इतिहास. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जुनं ठाऊक असलेले बाकीचे एक तर गेले, नाही तर त्यांना ऐकू येत नाही. मला अजून ऐकू येतं, म्हणून मी इतिहासकार.

आजोबांच्या काळापासून सुरुवात केली आहे. तेव्हा बाग म्हणजे नदीकाठची अरुंद पट्टी. आजोबांची बारा झाडं होती आणि आजी उन्हाळाभर नदीतून बादल्या आणून त्यांना घालायची. बाकी सगळं खोरं उघडं, काटेरी. मग लोकांनी स्वतःच नऊ वर्षं खणून कालवा आणला. पहिलं पाणी सुटलं त्या दिवसाची गोष्ट आबा किती वेळा सांगायचे, आठवतं? पाणी माणसाच्या चालीनं येत होतं, पुढे धूळ, काटक्या, किडे ढकलत, आणि आबा त्याच्या तोंडाशी दिवसभर चालले. ते मी जसंच्या तसं घेतलंय. मग वरच्या खोऱ्यात सफरचंदं आणि खालच्या खोऱ्यात, तुमच्याकडे, जर्दाळू. खालचे जर्दाळू तीन आठवडे आधी पिकायचे, त्यामुळे वरचे लोक जळायचे, हेही लिहिलंय. अध्यक्ष ते काढायला लावतील.

आता मुद्दा. मंडळाच्या कपाटात वरच्या बागांचे शंभरेक फोटो आहेत. खालच्यांचा एकही नाही. तुझ्याकडे एक होता: तुमची बाग बहरात, तू शिडीवर, दाजी शिडी धरून उभे, आणि मनी फळांच्या टोपलीत बसलेली. तो मिळाला तर जपून छापीन आणि परत पाठवीन. दाजींच्या अपघाताबद्दलही दोन ओळी आदरानं घालीन.

तुझी वहिनी बरी आहे. गुडघे धरतात तिचे. मनी आता केवढी झाली असेल.

दादा


३ मार्च

चिमे,

फोटो पोचला. चिठ्ठीही पोचली. मनीचं अक्षर सुरेख आहे, तू सांगितलंस आणि तिनं लिहिलं, हे कळलं. ‘फोटोखाली माझ्या नवऱ्याचं नाव छापा. आणि दोन ओळी घालायच्याच असतील तर चौकशीच्या कागदातल्या घाला: आधाराची कोणतीही व्यवस्था न करता खोल खड्ड्यात उतरल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. मला पाठ आहेत.’

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, हे तू विसरली नसशील.

पण चिमे, तेव्हा खोऱ्यात काय चाललं होतं, ते जरा शांतपणे आठव. खालची झाडं तीन वर्षं मरत होती आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं. आधी शेंडे पिवळे पडायचे. मग सालीतून डिंक गळायचा. मग भर उन्हाळ्यात, कालव्याचं पाणी दिलेलं असताना, झाड उभ्या उभ्या वाळून जायचं. उपटलं तर मुळं काळी आणि त्यांना नासल्या अंड्याचा वास. कुणी म्हणे कीड, कुणी म्हणे कलमं वाईट निघाली. जमिनीवर पांढरं मीठ फुटायला लागलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, खालचे लोक खत फार घालतात.

मी तर नुसता मोजणीदार. महिन्यातून एकदा खोऱ्यातल्या बावीस लोखंडी नळ्यांपाशी जायचं, नळीत फीत सोडायची, फितीच्या टोकाला पितळी वाटी असते ती पाण्याला टेकली की ‘टप्’ असा आवाज येतो, तो ऐकायचा आणि जमिनीखाली पाणी किती फुटांवर आहे ते लिहायचं. लोक मला नळीवाला म्हणायचे. नळीवाल्याच्या हातात काय असतं?

दाजी स्वभावानं घाईचे होते, हे तूही कधीतरी म्हणाली असशील. एकदा डोक्यात आलं की थांबायचे नाहीत. त्या दिवशीही तसंच झालं. माझी त्यांची शेवटची भेट त्याआधी आठवडाभर झाली होती, आमच्या ओट्यावर. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि गेले.

फोटोखाली नाव घालतो.

दादा


२१ मार्च

चिमे,

मागच्या पत्रातलं बरंचसं खोटं आहे. ते फाडून टाक.

मंडळात एक नव्या इंजिनिअर बाई आल्या आहेत, मनीच्याच वयाच्या. पुस्तिकेसाठी त्यांना जुन्या मोजण्यांचा तक्ता करायचा होता. परवा त्यांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि तुमच्या बागेजवळच्या सतरा नंबरच्या नळीचे आकडे समोर ठेवले. तीन वर्षं दर महिन्याला दहा फूट, दहा फूट, दहा फूट. आणि त्यानंतर मी काम सोडल्यावर नव्या माणसाची पहिलीच मोजणी चार फूट, तीही अध्यक्षांनी फाइलीत दाबलेली. बाईंचा आवाजसुद्धा चढला नाही. त्या म्हणाल्या, “काका, जमीन अशी वागत नाही.”

मी म्हटलं, नाही वागत. आणि चहा तसाच ठेवून घरी आलो. त्यांना अजून पुढचं काही सांगितलेलं नाही. आधी तुला.

मंडळाचा नियम असा होता, की कुठल्याही नळीत पाणी सहा फुटांच्या वर आलं तर कालव्याची वरच्या खोऱ्यातली शाखा बंद करायची आणि खालच्या बागांतून चर खणून साठलेलं पाणी नदीत काढून द्यायचं. तोवर वरच्यांना पाणी नाही. जमिनीखालून पाणी का चढत होतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. आम्ही वर बागा तुडुंब भरायचो, कालवाही कच्चा, जागोजागी पाझरणारा. ते सगळं पाणी मुरून खालच्या बाजूला सरकत होतं. तुमची झाडं तहानेनं मेली नाहीत, चिमे. आमच्या पाण्यात खालून बुडून मेली.

सतरा नंबरची वाटी सहा फुटांच्या वर वाजली, तेव्हा मी अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, एक हंगाम दहा लिहा, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे अध्यक्षांनी सांगितलं, हे खरं आहे. पण तेवढंच सांगून मी सुटत नाही. तेव्हा माझी स्वतःची तीनशे सफरचंदाची झाडं वर होती आणि त्याच वर्षी पहिल्यांदा फळावर आली होती. तू बांधावर बसून पाटात पाय सोडायचीस, तोच तुकडा. शाखा बंद झाली असती तर ती फळं फुगली नसती. मला कुणी धमकावलं नाही. मी घरी येऊन झाडं पाहिली आणि दहा लिहिलं. दुसऱ्या वर्षी कुणी सांगायचीही गरज पडली नाही.

ओट्यावरच्या भेटीचंही सांगतो. दाजी मुलांची चौकशी करायला आले नव्हते. त्यांनी ठरवलं होतं, की झाड का मरतं ते जमिनीतच कळेल. मेलेल्या झाडाशेजारी सरळ सात-आठ फूट खड्डा खणायचा आणि मुळांखाली काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. त्याआधी ते मला विचारायला आले. म्हणजे ते घाईचे नव्हते. तू तसं कधी म्हणाली नव्हतीस, ते मी तुझ्या तोंडी घातलं. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “दादा, खरं सांगा. पाणी किती खाली आहे?”

मी म्हटलं, “दहा फुटांवर.”

खालच्या खोऱ्यात वर चिकणमाती आहे आणि तिच्याखाली वाळूचा थर. पाणी त्या वाळूत दाबून भरलेलं होतं, झाकण लावलेल्या भांड्यासारखं; नळीतून वाट मिळाली की ते चार फुटांपर्यंत चढायचं. खणणाऱ्याला सात फुटांपर्यंत माती नुसती ओलसर लागते, काही वाटत नाही. मग एक घाव त्या झाकणातून जातो आणि खालून वाळू-पाणी उसळतं, पाठोपाठ भिंती बसतात. गडी माती टाकायला गेला होता. तो परत आला, तेव्हा खड्डा अर्धा भरला होता. हे तुला माहीत आहे. तू तिथे धावत आली होतीस आणि हातांनी माती उपसत होतीस. तुझ्या नखांतलं रक्त मला दिसत होतं आणि मी तुझ्या शेजारी बसून उपसत होतो.

पाणी किती खाली होतं, हे तिथल्या माणसांत फक्त मला माहीत होतं.

दादा


३० एप्रिल

चिमे,

पुन्हा पत्र लिहू नकोस, असं तू कळवलंस. तुझ्याच हातचं अक्षर होतं या वेळी. दोनच वाक्यं. पत्र लिहू नकोस, आणि तो कागद दुरुस्त करून आण. दुसऱ्या वाक्याबद्दल कळवायचं तर पहिलं मोडावं लागतं, म्हणून हे.

कचेरीत गेलो. चौकशीची जुनी कागदपत्रं तळघरात आहेत, ती काढायला अकरा दिवस लागले. कारकून भला माणूस आहे, मला खुर्ची देतो. मी जबाब लिहून दिला: नळीत पाणी चार फुटांवर होतं, मी तीन वर्षं खोटे आकडे लिहिले, मृताला विचारल्यावर खोटं सांगितलं, चौकशीत ते दडवलं. सही केली. वरून उत्तर आलं, की इतक्या वर्षांनी मूळ नोंद बदलता येत नाही. जबाब मात्र तिच्यामागे जोडता येतो. म्हणजे ते वाक्य तसंच राहणार आणि त्याच्या पाठीला माझा कागद टाचलेला असणार. माझ्यावर काही कारवाई होईल का, असं विचारलं, तर कारकून म्हणाला, मुदत टळली. त्याला वाटलं, मला हायसं वाटेल.

पुस्तिकेचं आटोपलं. मी खालच्या खोऱ्यावर नवं प्रकरण लिहून दिलं, बाईंनी त्याला खऱ्या आकड्यांचा तक्ता जोडला. आताचे अध्यक्ष म्हणजे तेव्हाच्या अध्यक्षांचे चिरंजीव. ते वाचून म्हणाले, काका, समारंभाच्या पुस्तकात मढं कशाला? प्रकरण गेलं. फोटो छापला आहे, नाव मात्र नाही. ‘खालच्या खोऱ्यातील एक बाग, बहरात’ एवढंच. पहिल्याच पानावर माझं नाव लेखक म्हणून मोठ्या अक्षरात आहे. मी समारंभाला गेलो नाही. फोटो या पाकिटात परत पाठवतोय, कोपरा दुमडलेला नाही ना ते बघून ठेवलाय.

गावात कळलं आहे. बाईंनी तक्ता मंडळाच्या फलकावर लावला, तो दुपारपर्यंत कुणीतरी फाडला, त्यांनी दुसरा लावला. वरच्या लोकांचं म्हणणं, म्हाताऱ्याला आता कसली उपरती झाली. खाली अजूनही बागा बुडत आहेत आणि आता चर खणायची मागणी होईल, वरची शाखा बंद पडेल. केस कापणाऱ्यानं परवा मला बसवून घेतलं नाही, गर्दी आहे म्हणाला. दुकानात मी एकटाच होतो.

तुझी वहिनी बोलत नाही. तिला राग खोट्या आकड्यांचा नाही, त्या दिवसांचा आहे. तू पोरीला घेऊन आमच्याकडे महिनाभर राहिलीस, तिनं तुला न्हाऊ घातलं, रात्री तुझ्याजवळ ती झोपायची, आणि ते सगळं मी दारात उभा राहून बघत होतो. ती म्हणाली, मला तेव्हा सांगितलं असतं तर मी तिला या घरातलं पाणीही पिऊ दिलं नसतं. तेवढंच बोलली. आता ताट वाढते आणि आत जाते.

कागदाची नक्कल सोबत आहे, दोन्ही पानं.

दादा


१७ जून

चिमे,

मनी आली आहे. तुला सांगून आली की न सांगता, हे मी विचारलं नाही. सकाळच्या गाडीनं उतरली. दारात मी तिला ओळखलं नाही. तिनंच ‘मामा’ म्हटलं, आणि ते म्हणताना तिला जड गेलं हे दिसत होतं. वहिनीनं तिला जवळ घेतलं. माझ्याकडे मनी वळली नाही.

तिला जागा बघायची होती. आम्ही दोघं चालत गेलो. तुमच्या बागेत आता झाडं नाहीत, गुडघाभर लव्हाळा आहे, आणि मधल्या खोलगट जागी पावसाचा थेंब नसतानाही पाणी साचून राहिलेलं. तुम्ही राहायचात त्या घराच्या भिंतींना कमरेपर्यंत मीठ चढलंय. बोट लावलं की गिलावा पडतो. पॅकिंगची शेड उभी आहे, पत्रे गेले. तिनं विचारलं, खड्डा कुठे होता. मी दाखवला. तिथे काही वेगळं दिसत नाही. ती तिथेच पाण्यात उभी राहिली. बूट भिजले तरी हलली नाही.

मग तिनं जे विचारलं, ते मला अपेक्षित नव्हतं. कागदाबद्दल नव्हतं, माझ्याबद्दलही नव्हतं. ती म्हणाली, शाळेपासून लोकांकडून ऐकत आले की बाबा बेफिकीर होते. आई याबद्दल कधी बोलली नाही, पण मी रस्ता ओलांडताना ती अजून माझं मनगट धरते, एकतीस वर्षांच्या बाईचं. आणि मग म्हणाली, “मामा, बाबा खरंच तसे होते का? त्यांनी आधार का नाही लावला?”

चिमे, मी तुला चार पत्रं लिहिली आणि कचेरीत जबाब दिला. हे कुठेच लिहिलं नाही. वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. तिला सांगितलं ते आता तुला सांगतो.

त्या दिवशी सकाळी मी तिथे होतो. ओट्यावरची भेट शेवटची नव्हती. मोजणीची फेरी होती आणि सतरा नंबरच्या नळीकडे जायला तुमच्याच बागेतून वाट होती. दाजींनी शेडमधल्या फळ्या आणल्या होत्या. चौदा फळ्या, आणि मध्ये तिरके लावायला वासे, सगळं मापानं कापलेलं. आदल्या दिवशी बसून त्यांनीच कापलं होतं. खड्डा कमरेएवढा झाला होता. ते वर आले, हात झटकले आणि मला म्हणाले, “दादा, फळ्या लावू का? लावायच्या तर दोन दिवस जातील. पण पाणी जवळ असेल तर लावायलाच हव्यात.”

ते माझ्याकडे बघत होते. मला आजही सांगता येत नाही, की त्यांना संशय होता की नुसतं विचारत होते. ‘लावा’ म्हटलं असतं तर ‘का’ आलं असतं. तेव्हा अर्ध्या क्षणात मला माझी सगळी तीन वर्षं त्या ‘का’च्या मागे उभी दिसली. मी म्हटलं, नको. कोरडी जमीन आहे, पाणी दहावर आहे, उगाच वेळ कशाला घालवता.

ते हसले. म्हणाले, बरं झालं विचारलं. शेडमध्ये फळ्यांची गरज होतीच, तोडणी तोंडावर आली होती. गडी अजून आला नव्हता, म्हणून त्या आम्ही दोघांनी मिळून परत गाडीत ठेवल्या. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या हातात. चौदाही. शेवटच्या फळीला माझ्या तळहातात कुसळ गेलं, ते त्यांनी चिमटीनं काढलं. मग मी गाडी हाकत शेडपर्यंत नेली आणि पुढे वरच्या नळ्यांकडे निघून गेलो. दुपारी ओरडा ऐकू आला, तेव्हा मी एकोणीस नंबरला होतो. मी लांबून धावत आलो असंच सगळ्यांनी पाहिलं आणि चौकशीत मी तेच सांगितलं. फळ्या शेडमध्ये नीट रचलेल्या सापडल्या. त्यावरून अधिकाऱ्यानं लिहिलं, की साहित्य हाताशी असूनही मृतानं आधार लावला नाही. मी त्याखाली सही केली.

सगळं ऐकून मनीनं विचारलं, हे जबाबात आहे का. मी नाही म्हटलं. आईला? नाही म्हटलं. ती लव्हाळ्यातून बाहेर आली, शेडच्या ओट्यावर बसून बूट काढले, पाणी ओतून टाकलं, परत घातले. मग म्हणाली, “आईला तुम्ही लिहायचं. मी सांगणार नाही. उद्या कचेरीत मी बरोबर येते.”

घरी येऊन लिहायला बसलो. ती बाहेरच्या खोलीत आहे. वहिनीनं चहा दिला, तो तिनं घेतला. दोघी हळू आवाजात काही बोलतात, मला शब्द लागत नाहीत. मघाशी मी पाकीट आणायला उठलो, तर मनीनं सांगितलं, पाकीट चिकटवू नका. आधी ती वाचणार आहे.